मुष्टियुद्धाचा हरवलेला प्रेक्षक

वर्णद्वेषाचा इतिहास शिकविताना आम्हांस ग्रंथांइतकाच मुष्टियुद्धाच्या रिंगणाचा उपयोग होतो. जॉन एल. सुलिव्हन या अमेरिकन जगज्जेत्याने कृष्णवर्णीय प्रतिस्पर्ध्यांशी लढण्यास उघड नकार दिला होता. हा नकार कोणत्या जातीचा, हे आपल्या मुलांना समजावून सांगावे लागत नाही. पुढे २६ डिसेंबर १९०८ रोजी सिडनी येथे जॅक जॉन्सन या कृष्णवर्णीय योद्ध्याने टॉमी बर्न्सला हरवून हेवीवेट जगज्जेतेपद मिळविले. ४ जुलै १९१० रोजी रेनो येथे त्याने जेम्स जेफ्रिजलाही नमविले, तेव्हा अमेरिकेतील अनेक शहरांत दंगली उसळल्या. १९३८ मध्ये जो लुईने जर्मनीच्या मॅक्स श्मेलिंगला पहिल्याच फेरीत पाडले, ते कोट्यवधी लोकांनी रेडिओवर ऐकले. व्हिएतनाम युद्धात जाण्यास नकार दिला म्हणून १९६७ मध्ये मुहम्मद अलीचे जगज्जेतेपद काढून घेण्यात आले; त्याचे नाव तर खेडोपाडी पोहोचले.

ज्या खेळाला एवढा लोकसमुदाय लाभला, त्याचा आजचा जगज्जेता कोण, हे सामान्य माणसास सांगता येत नाही. एक कारण असे की जगज्जेता एक राहिलाच नाही. चार प्रमुख संघटना, सतरा वजनगट आणि प्रत्येकीचा स्वतंत्र पट्टा! दुसरे कारण आम्हांस अधिक गंभीर वाटते. मोठ्या लढती पूर्वीही थिएटरांत तिकीट लावून दाखवीत, हे खरे. तरीही १९७८ मधील अली-स्पिंक्स लढती अमेरिकेत घरच्या टीव्हीवर वेगळे पैसे न मोजता दिसल्या. पुढे मोठी लढत म्हणजे वेगळे शुल्क, अशी रीतच पडली. २ मे २०१५ रोजी मेवेदर व पॅकियाओ यांची लढत पाहण्यासाठी अमेरिकेत घरटी सुमारे शंभर डॉलर आकारले गेले आणि सुमारे ४६ लाख ग्राहकांनी ते भरले. धंदा विक्रमी झाला. पण ज्या गरीब वस्त्यांतून हे योद्धे येतात, तेथील पोराने ती लढत कोठे पाहावी?

पालक विचारतील, मार खाण्याचा हा खेळ लोकप्रिय व्हावाच कशाला? प्रश्न रास्त आहे. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना कोरियाचा डुक कू किम कोसळला आणि काही दिवसांतच मरण पावला. ती लढत अमेरिकन घरांतल्या टीव्हीवर थेट दिसत होती. त्यानंतर जगज्जेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या होत गेल्या. हा बदल चार भिंतींआड झाला असता काय, याची आम्हांस शंका आहे.

अलीकडे प्रयत्न होत आहेत. मे २०२४ मध्ये रियाध येथे ओलेक्झांडर उसिकने टायसन फ्युरीला हरविले आणि १९९९ च्या लेनॉक्स लुईसनंतर प्रथमच हेवीवेट गटात चारी दिशांनी मान्य असा एक जगज्जेता झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरात नेटफ्लिक्सने जेक पॉल व ५८ वर्षांचा माइक टायसन यांची लढत वेगळ्या शुल्काविना दाखविली. आमच्या मते तो तमाशाच होता. परंतु त्याच रात्री केटी टेलर व अमांडा सेरानो यांची खरी झुंजही लोकांच्या नजरेस पडली. याच दोघींनी ३० एप्रिल २०२२ रोजी न्यूयॉर्कचे मॅडिसन स्क्वेअर गार्डन भरविले होते. तेथे स्त्रियांची लढत मुख्य ठरण्याची ती पहिलीच वेळ.

आपल्याकडेही विजेंदर सिंगने व्यावसायिक होऊन ऑगस्ट २०१७ मध्ये मुंबईत वरळी येथे लढत जिंकली. पुढे ती हवा ओसरली. आमच्या वसतिगृहातील मुलींना टेलर ठाऊक नाही. मेरी कोम मात्र प्रत्येकीस ठाऊक आहे. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये टेलरला सुवर्ण मिळाले होते व मेरी कोमला कांस्य, आणि ते ऑलिंपिक दूरदर्शनवर दिसले होते.