बिऱ्हाड आणि भिंत

'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' ही म्हण भाड्याच्या घरात राहणाऱ्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. भांडीकुंडी, पुस्तकांची खोकी, गॅसची जोडणी, मतदारयादीतले नाव, हे सारे थोड्याफार खटाटोपाने नव्या पत्त्यावर नेता येते. मोबाइलचा क्रमांक तर जानेवारी २०११ पासून देशभरात कंपनी बदलली तरी आपल्यापाशी राहू लागला, आणि जुलै २०१५ पासून दुसऱ्या राज्यात गेल्यावरही तोच ठेवण्याची सोय झाली. घरचे ब्रॉडबँड मात्र पाठीवर बसत नाही. त्याची तार असते भिंतीला आणि त्याचा करार असतो माणसाशी. माणूस हलला की या दोहोंची फारकत होते. पुण्यातल्या पुण्यात घर बदलताना आम्हां उभयतांना जो मनस्ताप झाला, तो या फारकतीचा.

महाराष्ट्रात भाड्याचे घर बहुधा अकरा महिन्यांच्या कराराने मिळते. वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे, म्हणून ही अकराची रूढी पडली. पुढे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ने लिव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत असावा असे ठरवले. कारण गेले, पण अकरा महिने राहिले. ब्रॉडबँडच्या स्वस्त योजना मात्र सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे आगाऊ मागतात. म्हणजे छपराची खात्री अकरा महिन्यांची आणि तारेची बांधिलकी बारा महिन्यांची. घरमालकांना मुदत संपताच सदनिका हवी होती, तेव्हा आमच्या योजनेचे पाच महिने शिल्लक होते.

योजना घेताना आम्ही हा प्रश्न विचारला होता. विक्री प्रतिनिधीचे उत्तर तत्पर होते : "सर, मॅडम, शिफ्टिंग फ्री आहे. एक फोन करा फक्त." छापील अटींत हेच वाक्य 'तांत्रिक शक्यतेच्या अधीन' असे होते, आणि त्याखाली, 'आगाऊ भरलेली रक्कम कोणत्याही परिस्थितीत परत केली जाणार नाही' असेही. दोन्ही अटींबद्दल आम्ही पुन्हा विचारले. पुन्हा तेच आश्वासन मिळाले. विक्री मौखिक परंपरेत होते आणि वसुली लिखित संहितेनुसार, हे साहित्याच्या अध्यापकांना निराळे सांगायला नको.

नवे घर जुन्यापासून जेमतेम चार किलोमीटरवर. पाहणीसाठी आलेला तंत्रज्ञ सरळ मनाचा होता. कंपनीची पेटी दोन गल्ल्या अलीकडे आहे, तिथून तार ओढता येते, परंतु एका ग्राहकासाठी वरिष्ठ परवानगी देत नाहीत, असे त्याने सांगितले. दुसऱ्या दिवशी लेखी उत्तर आले : 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही.' जे परवडत नव्हते, ते अशक्य ठरले होते. व्यापारी निर्णयाने तंत्राचा अंगरखा घातला की त्याच्याशी वाद घालता येत नाही. त्या शब्दाची सारी उपयुक्तता त्यातच आहे.

त्यानंतरच्या पत्रव्यवहारात आम्हांला व्याकरणाचा एक धडा सापडला. 'तक्रार नोंदवण्यात आली आहे', 'विनंती अमान्य करण्यात आली आहे', 'रक्कम समायोजित करण्यात येणार नाही'. सर्वत्र कर्मणी प्रयोग आणि कर्ता बेपत्ता. संपूर्ण पत्रात कर्ता एकाच वाक्यात उभा होता : 'आपण सेवा मुदतीपूर्वी खंडित केली आहे.' सेवा देण्यास नकार कोणी दिला याचा उल्लेख नाही. खंडित करणारे मात्र आम्ही.

असो. चिडून भागत नाही, वाट शोधावी लागते. दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजे ट्राय, एकेका ग्राहकाची तक्रार स्वतः सोडवत नाही. २०१२ च्या विनियमांनुसार प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्रात जाऊन तक्रार क्रमांक घ्यायचा, तिथे समाधान न झाल्यास कंपनीतल्याच अपील प्राधिकरणाकडे जायचे. या अपिलाला शुल्क नाही. ग्राहक आयोगाचे दारही उघडे आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या एका निकालामुळे ते दूरसंचाराच्या तक्रारींना बंद झाल्यासारखे होते. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने तो अधिकार स्पष्टपणे मान्य केला. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये तर 'अनुचित करार' ही स्वतंत्र संकल्पनाच आली आहे. ग्राहकावर अवाजवी भार टाकणारी एकतर्फी अट त्यात मोडू शकते. मात्र अशी अट रद्दबातल ठरवण्याचा अधिकार राज्य आणि राष्ट्रीय आयोगाला आहे. पाच महिन्यांच्या ब्रॉडबँडसाठी तिथवर कोण जाणार? एकतर्फी अटी टिकतात त्या माणसांच्या या हिशोबावर.

आम्ही अपील मराठीत लिहिले. प्रत्येक वाक्याला कर्ता दिला. तुमच्या प्रतिनिधीने असे सांगितले. तुमच्या तंत्रज्ञाने तार ओढता येते असे म्हटले. तुमच्या वरिष्ठांनी परवानगी दिली नाही. आम्ही पैसे भरले आहेत आणि सेवा घ्यायला तयार आहोत. काही आठवड्यांनी पाच महिन्यांची रक्कम खात्यात जमा झाली. सोबतच्या पत्रात लिहिले होते की, अटींनुसार परतावा देय नसतानाही 'केवळ सदिच्छेपोटी, विशेष बाब म्हणून' ही रक्कम देण्यात येत आहे.

पैसे आमचेच होते. घेतलेली सेवा आणि न मिळालेली सेवा यांच्या वजाबाकीत सदिच्छेला जागा नसते. हक्काला कृपेचे नाव दिले की पुढच्या भाडेकरूला त्याचा आधार घेता येत नाही. प्रत्येकाला नव्याने याचक व्हावे लागते. आम्ही पोच देताना एवढेच लिहिले की, रक्कम मिळाली, परंतु ते शब्द आम्हांस मान्य नाहीत. त्यावर उत्तर आलेले नाही. नव्या घरी आम्ही दुसऱ्या कंपनीची दरमहा योजना घेतली आहे. ती महाग आहे. जास्तीचे पैसे कशाचे, हे आता आम्हांला ठाऊक आहे : बिऱ्हाड हलवण्याच्या मोकळीकीचे.