मामाची मोटार आणि माझी चिप

माझ्या मामांच्या विहिरीवरची मोटार एकाच हिवाळ्यात दोनदा जळली. गाव दारव्ह्याजवळ. काळी जमीन, कपाशी आणि तूर, विहिरीच्या भरवशावर थोडा गहू. लाइन यायची रात्री. ऑटोस्विच लावलेला, त्यामुळे लाइन आली की मोटार आपोआप सुरू, मग फेज दोन असोत की तीन! दोनच असल्या तर मोटार फिरत नाही, नुसती घुमते, करंट वाढतो आणि सकाळपर्यंत वाइंडिंगचा कोळसा. दुसऱ्या वेळी वाइंडिंग होऊन यायला आठ दिवस लागले. गहू नेमका ओंबीवर होता.

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला विषय शोधत होते, तेव्हा तो गहूच डोळ्यांपुढे आला. सरांनी पहिल्याच झटक्यात विचारलं, "सिंगल फेज प्रिव्हेंटर बाजारात मिळतो. तू नवीन काय करणार?" प्रश्न बरोबर होता. पण मोटार चालू असताना फेज गेली, तर फिरती मोटार त्या मेलेल्या तारेवर स्वतःच थोडं व्होल्टेज तयार करते. नुसतं व्होल्टेज बघणारं यंत्र तिथे फसू शकतं. करंट मात्र खोटं बोलत नाही. म्हणून मी तिन्ही तारांचा करंट मोजायचं ठरवलं.

पहिलं सर्किट होस्टेलच्या टेबलावर ब्रेडबोर्डवर बांधलं. तीन ऑप-अँप, कम्पॅरेटर, एडीसी, 8051 आणि वायरींचं जंगल. रूममेटने चहाचा कप ठेवला की रीडिंग बदलायचं! शेवटी लॅबच्या कपाटातून सरांनी एक बोटभर बोर्ड काढून दिला : पीसॉक 5एलपी.

पीसॉक म्हणजे प्रोग्रॅमेबल सिस्टिम ऑन चिप. सायप्रेस कंपनीने 2002 मध्ये या घराण्यातल्या पहिल्या चिप बाजारात आणल्या. 2020 मध्ये ती कंपनी इन्फिनिऑनने घेतली. एफपीजीएमध्ये आपण डिजिटल गेट हवे तसे जोडतो. इथे डिजिटलच्या शेजारी ॲनालॉग भागही असतो, आणि त्याच्याही जोडण्या सॉफ्टवेअरने बदलता येतात. या एका चिपमध्ये कॉर्टेक्स-एम3 प्रोसेसर, 24 डिजिटल ब्लॉक, 4 ऑप-अँप आणि 20 बिटपर्यंतचा एडीसी आहे. शिवाय चार ॲनालॉग ब्लॉक असे, की ज्यांचा 1 ते 50 पटींचा ॲम्प्लिफायर करता येतो. माझे फेज तीन. म्हणजे एक ब्लॉक शिल्लकच! जंगल गेलं, बाहेर उरले करंट ट्रान्सफॉर्मर, काही रेझिस्टर आणि रिले.

दिवाळीच्या सुट्टीत डबा घेऊन मामांकडे गेले. मामा म्हणाले, "काय वं पोरी, हे काय करून राह्यली?" आणि मी गप्प झाले. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. व्हायवात इंग्रजीतून दहा मिनिटं बोलेन, पण मामांना काय सांगू? कपॅसिटरला मराठीत 'धारित्र' म्हणतात हे पाहून गेले होते. मामांना ते इंग्रजीपेक्षा अवघड वाटलं. मग तेच म्हणाले, "म्हणजे कंडेन्सर का?" अर्थात कंडेन्सर! मोटारीच्या डब्यातला तो डबडा त्यांना माझ्याआधीपासून ठाऊक होता.

मग मी मोटेवर आले. पाइप बारीक असला तर पाणी कमी येतं; तो झाला रेझिस्टर. पण पाइपच नसेल तर? मोट भरायची, वर आणून रिकामी करायची. पाणी किती येणार, ते फेऱ्यांच्या वेगावर. अशा चिपमध्ये एक युक्ती वापरतात : इवलासा कंडेन्सर भरायचा, रिकामा करायचा. एक पिकोफॅरडचा कंडेन्सर सेकंदाला एक लाख वेळा भरला-सोडला, की तो दहा मेगाओहमच्या रेझिस्टरसारखा वागतो. दहा लाख वेळा केला, की एक मेगाओहम. सोल्डरिंग गन न उचलता किंमत बदलली! मामा जरा वेळ विहिरीकडे बघत राहिले. म्हणाले, "म्हणजे बैल जोरानं हाकले."

डब्यातला रिले स्टार्टरच्या कॉइलच्या वाटेत जोडला. पहिल्या चाचणीत मोटार सुरू झाली आणि लगेच बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. शेजारचे काका हसले. मोटार सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट घेते. पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, प्रोग्रॅममध्ये विसरले. लॅपटॉप बांधावर ठेवून पाच सेकंदांची सूट दिली. मग मेन बंद करून एक फ्यूज काढला आणि पुन्हा सुरू केली. मोटार घुमू लागली, माझी चिप शांतपणे पाच सेकंद मोजत बसली, आणि मामांनी धावत जाऊन स्विच पाडला. ते काही बोलले नाहीत. तेच जास्त लागलं.

त्या रात्री दोन गोष्टी वेगळ्या केल्या. करंट जास्त असेल तर सुरुवातीला थांबायचं. पण एका तारेत शून्य आणि दुसऱ्या दोन तारांत करंट असेल, तर अर्ध्या सेकंदात तोडायचं. सकाळी फ्यूज काढून पाहिला : घूं... आणि टक्. काकांची मोटार पाच एचपीची. त्यांच्यासाठी ॲम्प्लिफायरचा आकडा 16 वरून 8 केला आणि नवा करंट लिहिला. वायर एकही हलवली नाही.

निघताना मामांनी विचारलं, "हे बिघडलं तं कोन दुरुस्त करीन? मोट फाटली तं गावातच शिवून भेटे." याचं उत्तर कुठल्याच डेटाशीटमध्ये नव्हतं. ऑप-अँप यवतमाळच्या दुकानात मिळतो. ही चिप मिळत नाही, आणि मिळाली तरी कोरी. म्हणून डब्याला बायपास स्विच लावला, प्रोग्रॅम भरलेला दुसरा बोर्ड मामांच्या कपाटात ठेवला आणि कुठली वायर कुठे, ते एका कागदावर मराठीत लिहून दिलं. तो एक कागद लिहायला मला प्रोजेक्ट रिपोर्टपेक्षा जास्त वेळ लागला.

सबमिशन झालं, मार्कही मिळाले. डबा अजून विहिरीवरच आहे. लाइन आली की मामा पूर्वी बॅटरी घेऊन शेतात जात. परवा फोनवर मामी म्हणाल्या, "आताही जातात. पन पाहून लवकर वापस येतात."