ओटीवरून समुद्र दिसत नाही

"अगं, तू बी.ए. झालेली, त्यातून शाळेत निबंध शिकवतेस. तूच लिही की!" गुहागरच्या वहिनी फोनवर असं म्हणाल्या आणि मी लगेच हुरळले.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. आम्ही कऱ्हाडला, त्या आणि भाऊजी गुहागरच्या जुन्या घरात. २०२२ साली भाऊजींना अर्धांगाचा झटका आला. त्यातून उठले, पण नारळी-पोफळीच्या वाडीतलं काम पूर्वीसारखं होईना. मग माडीवरच्या दोन खोल्या पर्यटकांना द्यायच्या ठरल्या. सरकारी न्याहारी-निवास योजनेखाली नोंदणी झाली. पुतण्याने फोटो काढून इंटरनेटवर जाहिरात टाकली. वर्णनाच्या चार ओळी तेवढ्या राहिल्या होत्या.

त्या मी रात्री झाकपाक झाल्यावर लिहिल्या. 'निसर्गाच्या कुशीत, अथांग सागराच्या सान्निध्यात वसलेली कोकणी वास्तू. ओटीवर बसून सूर्यास्ताचा आनंद लुटा. घरगुती भोजन व अगत्यपूर्ण सेवा.' यांना वाचून दाखवलं. "छान," म्हणाले. हे माझ्या पडवळाच्या भाजीलाही छान म्हणतात.

आता खरं सांगते. गुहागरात रस्त्याला लागून घर, घरामागे लांबच लांब वाडी, मग सुरूची झाडं, मग वाळू आणि मग समुद्र, अशी रचना. आमच्या ओटीचं तोंड रस्त्याकडे, म्हणजे पूर्वेला. तिथे बसून सूर्यास्त बघायचा तर मान मोडून भिंतीतून बघावं लागेल! हे मला ठाऊक नव्हतं का? पंधरा वर्षं त्या घरात जातेय मी. पण हातात पेन आलं की 'माझे आवडते स्थळ'च उतरतं, त्याला काय करणार?

मे महिन्यात पुण्याचं एक कुटुंब आलं. बरोबर आजी, दोन्ही गुडघे गेलेल्या. खोल्या माडीवर, जिना लाकडी, उभा, चौदा पायऱ्यांचा. संडास परसात आणि तोही भारतीय पद्धतीचा. यातलं एक अक्षर मी लिहिलं नव्हतं. बिचाऱ्या आजी दोन रात्री ओटीवर झोपल्या, आणि परसात जावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा बेतानं पीत होत्या, असं वहिनींनी मागाहून सांगितलं. घरी गेल्यावर त्या लोकांनी पाचापैकी दोन तारे दिले आणि लिहिलं, 'जेवण उत्तम. पण वर्णनाचा आणि घराचा काही संबंध नाही.'

त्यांचं काय चुकलं? पण त्यानंतर मे महिन्यातली ठरलेली दोन बुकिंगं रद्द झाली. कोकणात मे महिना म्हणजे वर्षाची बेगमी. वहिनी मला रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "लोकांना वाटेल, मीच खोटं बोलले."

दिवाळीच्या सुट्टीत मी कुंभार्ली घाट उतरून गुहागर गाठलं. जाताना शाळेची एक कोरी वही नेली होती. आठ दिवस वहिनींचा फोन मी उचलायचा आणि माणूस काय विचारतो ते शब्दन् शब्द लिहून ठेवायचं, असं ठरवलं. एकतीस फोन आले. निसर्गाबद्दल एकानेही विचारलं नाही! कमोड आहे का? गाडी आत लागते का? समुद्र चालत किती मिनिटं? मासे मिळतात का? बाळाचं दूध गरम करून मिळेल का? ड्रायव्हरला झोपायला जागा आहे? वीज गेली तर पंखा चालतो? चिपळूण स्टेशनवरून यायचं कसं? कमोडचा प्रश्न तर अकरा जणांचा.

मग त्या वहीतूनच नवं वर्णन लिहिलं. फोनवर आधी दोन-तीन ओळीच दिसतात, पुढचं वाचायला 'आणखी वाचा'वर बोट ठेवावं लागतं आणि घाईतला माणूस ते ठेवत नाही. म्हणून अडचणीची गोष्ट पहिल्या ओळीत: 'खोल्या माडीवर आहेत, जिना उभा, पायऱ्या चौदा, गुडघेदुखी असणाऱ्यांनी आधी फोन करावा.' त्याखाली, 'ओटीवरून समुद्र दिसत नाही. वाडीतून चालत सात मिनिटं लागतात. रात्री मात्र गाज अंथरुणात ऐकू येते.' 'घरगुती भोजन' खोडलं आणि लिहिलं, 'सकाळी घावन-चटणी, दुपारी वरणभात, फणसाची किंवा केळफुलाची भाजी, सोलकढी. मासे घरात होत नाहीत. जवळच खानावळ आहे.' चिपळूणहून सुमारे ४५ किलोमीटर, एस.टी. मिळते, पावसाळ्यात समुद्रात उतरू नये, हेही घातलं. नकाशावरची खूण तपासली तर ती सुरूच्या बनात! गाड्या वाळूकडे का जात होत्या ते तेव्हा कळलं.

भाऊजी वाचून चिडले. "जिना पहिल्याच ओळीत? अशानं कोण येणार? दुकानदार कधी माल नासका म्हणतो का?" मी म्हटलं, "भाऊजी, जिना नासका नाही, उभा आहे." ते हसले नाहीत. त्यांचंही खोटं नव्हतं. औषधांचा खर्च त्या खोल्यांवरच चालला होता. शेवटी महिनाभर ठेवून बघू, यावर गाडं थांबलं.

मी कागद घडी करणार, तोच दारात उभ्या असलेल्या वहिनी म्हणाल्या, "एक आणखी लिहिशील? दुपारी दोन ते चार स्वयंपाकघर बंद राहील."

भाऊजींनी वर बघितलं. मीही बघितलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली त्यांच्या. सासूबाई असताना आणि नंतरही, दुपारी कुणी आलं की चहा, कुणाला भूक लागली की पोहे. पाठ टेकलेली मी त्यांना कधी पाहिली नव्हती, आणि 'मला पडायचंय' असं म्हणताना तर मुळीच नाही. आता मागत होत्या तेही पाहुण्यांच्या नियमाआडून. मी लिहिलं. भाऊजी काही बोलले नाहीत.

पहिल्या महिन्यात फोन खरंच कमी झाले, आणि कऱ्हाडला बसून माझ्या पोटात गोळा. पण जे फोन करत ते येत. नाताळात दोन्ही खोल्या भरल्या. साठवलेल्या पैशांतून वहिनींनी पुढच्या मेच्या आत खाली न्हाणीशेजारी कमोड बसवला आणि पडवीतली एक खोली रिकामी केली, म्हणजे गुडघेवाल्यांची सोय झाली. वर्णनाची पहिली ओळ मला पुन्हा लिहावी लागली.

गेल्या मेमध्ये गेले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. स्वयंपाकघराचं दार लोटलेलं, वहिनी आत चटईवर गाढ झोपलेल्या. पाहुण्यांच्या मुलाला पाणी हवं होतं, ते भाऊजी डाव्या हाताने सावकाश माठातून काढून देत होते. इतक्यात फोन वाजला. वहिनी उठू नयेत म्हणून मी पटकन उचलला.

"कमोड आहे ना हो?" पलीकडून बाई विचारत होत्या. "म्हणजे वाचलंय तुम्ही लिहिलेलं सगळं. तरी म्हटलं, एकदा विचारावं."