माळ्यावरचे गठ्ठे

सातारा, 3 मे

ती. वहिनींस,

तुमचं पत्र परवा मिळालं. पावसाआधी माळा मोकळा करायचा आणि दादाच्या विमानांच्या मासिकांचे गठ्ठे रद्दीत घालायचे, असं चिरंजीवांच्या मनात आहे. घालण्याआधी मला विचारलंत, बरं केलंत.

त्यांतले मॉडेल-विमानांचे नकाशे आता फोनवर फुकट मिळतात, हे चिरंजीवांचं म्हणणं खरंच आहे. मीही ते पाहिलेत. कुणाकुणा भल्या माणसांनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचे नकाशे स्कॅन करून ठेवलेत आणि त्यांचे उपकार मानायला हवेत. तेव्हा नकाशांसाठी गठ्ठे ठेवा, असं मी म्हणणारच नाही. नकाशांच्या मागेपुढे जे छापलंय, त्यासाठी ठेवा.

इंग्लंडचं ‘एरोमॉडेलर’ 1935 च्या नोव्हेंबरात निघालं, अमेरिकेचं ‘मॉडेल एअरप्लेन न्यूज’ त्याच्याही आधी, 1929 साली. आपल्याकडे हे अंक यायचे ते कुणाकुणाचे वाचून झालेले. दादा मुंबईला गेला की फ्लोरा फाउंटनच्या फुटपाथवर उकिडवा बसून ते निवडायचा आणि मधला एखादा अंक सापडेपर्यंत उठायचा नाही. गाडी चुकायची आणि तुम्ही चिडायचात. पण त्याच्या त्या हट्टात हिशेब होता. एका अंकात विमानाचा नकाशा येई. दोन-तीन महिन्यांनी कुणी वाचक लिही, की बांधून पाहिलं, नाक हलकं पडतं, शिसं घालावं लागलं, किंवा पंखाची अमुक फळी एकेरी पुरत नाही, वळताना मोडते. मग तिसऱ्याच अंकात कोपऱ्यात दुरुस्ती छापून येई. स्कॅन करणाऱ्याने नकाशा उचलला, दुरुस्ती तिथेच राहिली. सुटा अंक म्हणून निम्माच कामाचा. सलग वर्ष असेल तर एक विमान कागदावर कसं सुचलं, कुठे कुठे आपटलं आणि शेवटी कसं सुधारलं, ते सगळं हाताशी असतं.

मापांचंही तसंच. नकाशा पानात मावावा म्हणून लहान करून छापलेला असायचा. पूर्ण मापाचा हवा तर इंग्लंडहून पोस्टाने मागवा, आणि परकीय चलनाच्या त्या ओढाताणीत ते कुठलं जमायला? दादा चौकटी आखून मोठा करायचा. शेजारचा झेरॉक्सवाला मोठा करून देतो, पण त्याच्या यंत्रात शेकडा एकाची चूक सहज येते. छत्तीस इंची पंखावर ती तीन सूत भरते! दादाला हे कुणी सांगावं लागलं नाही, कारण आयुष्य किर्लोस्करवाडीच्या पॅटर्न शॉपमध्ये गेलेलं. ओतलेलं बीड थंड होताना शेकडा एकाच्या आसपास आकसतं, म्हणून लाकडी पॅटर्न तेवढाच मोठा धरतात आणि त्यासाठी त्यांची पट्टीच वेगळी असते. ती श्रिंकेजची पट्टी गठ्ठ्यांबरोबरच असेल, तीही टाकू नका. इंचांतल्या नकाशाला मिलिमीटरची फळी लावली की अजून एक घोळ होतो. अर्धा सूत म्हणजे 1.6 मिलिमीटर, बाजारात मिळते दीडची, आणि सगळ्या खाचा ढिल्या बसतात. अंकांच्या समासात दादाने पेन्सिलीने केलेली गणितं त्याचीच आहेत.

आता सांगतो ते मात्र नीट वाचा आणि चिरंजीवांनाही वाचून दाखवा. महायुद्धाच्या सालांचे जे अंक आहेत, 1941 ते 45 चे, पातळ, मळकट कागदाचे, दिसायला सगळ्यांत दरिद्री, ते सगळ्यांत मोलाचे. विमानाची मॉडेल्स बाल्सा नावाच्या फार हलक्या लाकडाची करतात. ते येतं दक्षिण अमेरिकेतून, मुख्यतः इक्वाडोरहून. युद्धात ते सरकारने लष्कराकडे वळवलं. ‘मॉस्किटो’ या खऱ्याखुऱ्या बॉम्बफेक्या विमानाचा सांगाडा बर्चच्या पातळ फळ्यांच्या मध्ये बाल्सा दाबून केलेला होता. हौशी पोरांना मग बाल्सा मिळेना. मासिकाने काय करावं? बाल्साशिवायची विमानं छापायला घेतली. दुसरी लाकडं, पुठ्ठा, कागदाच्या गुंडाळलेल्या नळ्या, जे मिळेल ते घ्या आणि वजन कुठून वाचवायचं ते असं शिका.

लंडनमध्ये जी टंचाई पाच-सहा वर्षं होती, ती सांगलीत कायमचीच होती. शांततेच्या काळातले गुळगुळीत अंक दादाला नुसते चिडवायचे. हे इंजिन घ्या, ती पेटी मागवा. युद्धातले अंक मात्र गावभागात बसून वाचायलाच लिहिल्यासारखे होते. त्यांच्याच आधाराने त्याने बुरुडाकडच्या बांबूच्या कामट्या तासल्या, सावंतवाडीची खेळणी ज्या पांगाऱ्याची करत, तो पांगारा आणवून त्याच्या चकत्या काढल्या, पंखांना पतंगाचा कागद लावला आणि रबराच्या पिळावर विमान उडवलं. वजन बाल्साच्या विमानापेक्षा जास्तच भरायचं. पण ते उडायचं, हे तुम्ही गच्चीवरून पाहिलंय.

हाताने काम शिकवणारी मासिकं आपल्या मुलखाला नवी असायचं कारण नाही. शंकरराव किर्लोस्करांनी 1920 साली किर्लोस्करवाडीतून ‘खबर’ काढली ती कारखान्याचं पत्रक म्हणून. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ पुढे 1930 आणि 34 साली आली. नांगर आणि चरक ओतणाऱ्या गावातून मासिकं निघाली, म्हणजे हाताने काम करणारा माणूस वाचतो, असा त्यांचा विश्वास असणार. नागपूरचं ‘उद्यम’, पुण्याचं 1928 पासूनचं ‘सृष्टिज्ञान’ याच वळणाची. पण आपण जपतो काय? दिवाळी अंक आणि कवितांचे विशेषांक. साबण कसा करावा, पंप कसा उघडावा, हे छापलेला अंक आधी रद्दीत जातो. मला याचा राग येतो. वयामुळे जरा जास्तच येत असेल.

सगळंच ठेवा असं नाही. 2019 ला कृष्णा आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेली, तेव्हा खाली राहिलेल्या गठ्ठ्यांची पानं एकमेकांना चिकटली आहेत. गुळगुळीत कागद एकदा भिजून वाळला की सुटत नाही. ते खुशाल द्या. रिमोटवाल्या इंजिनांच्या जाहिरातींनी भरलेले 1980 नंतरचेही द्या. त्यांत वाचण्यासारखं थोडं आहे. ‘एरोमॉडेलर’चं 1960 पर्यंतचं एकही पान हलवू नका.

आणि कुणी बाइंडिंग करून घ्या म्हणालं तर ऐकू नका. बाइंडर तिन्ही कडा कापतो आणि मापाची रेघ नेमकी कडेलाच छापलेली असते. मधल्या जोडपानावरचा नकाशा तर शिवणीतच जातो. गंजलेल्या पिना तेवढ्या काढायच्या आणि वर्षवार सुती नाडीने, सैल बांधून ठेवायचे. माळ्यावर पत्रा तापतो, म्हणून कपाटात.

नात एनसीसीच्या एअर विंगमध्ये गेली असं लिहिलंत. तिथे एरोमॉडेलिंग असतं. तिला 1943 चं वर्ष आधी द्या, आणि बांधायच्या आधी पुढच्या सहा महिन्यांची वाचकांची पत्रं वाच म्हणावं. मी पुढच्या आठवड्यात एस.टी.ने येतो. तोवर रद्दीवाल्याला वरच्या मजल्यावर पाठवू नका.

तुमचा,
भाऊजी