रबराचा भुगा

मंडळी, आजचा विषय जरा रुक्ष आहे. पण गेला दीड महिना आमच्या घरात लग्नं, क्रिकेट, राजकारण सगळं मागे पडून एकाच गोष्टीवर चर्चा चालली आहे, ती म्हणजे लालबागच्या मामाच्या मशीनची कपलिंग. मुलुंडच्या मावशीपासून पुण्याच्या काकांपर्यंत सगळ्यांनी फोनवर सल्ले देऊन झालेत. म्हणून काय झालं ते एकदाच सविस्तर लिहून टाकतो. (आई, मामाच्या बोटांना काहीही झालेलं नाही, आधीच सांगतो.)

ज्यांनी मामाचा गाळा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं. मामा गिरणीत साळखात्यात फिटर होता. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि पुढचं सगळं लालबाग-परळला माहीत आहे. तो परत कामावर गेला नाही. चाळीच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात त्याने सुतारी सुरू केली: पाट, चौरंग, देव्हारे. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यापासून मखरांचंही काम येतं. आता मामा सत्तरीत आहे आणि गाळा मामेभाऊ बघतो, म्हणजे कागदोपत्री तरी.

मशीन म्हणाल तर एकच, पण त्यात अख्खा कारखाना. १९४७ साली हान्स गोल्डश्मिट नावाच्या, जर्मनीतून अमेरिकेत गेलेल्या गृहस्थाने 'शॉपस्मिथ' बाजारात आणलं. एकच मोटर, आणि तिच्यावर करवत, लेथ, ड्रिल जे हवं ते. त्याच कल्पनेवर एका कारागिराने मामाला हे मशीन बनवून दिलं. लांब रुळांवर मोटरचं डोकं सरकतं. त्याच्या पुढच्या तोंडाला लेथ किंवा करवत लागते आणि मागच्या शाफ्टला कपलिंग लावून रंधा जोडायचा. रंधा जड, म्हणून मामाने तो रुळांवर न ठेवता वेगळ्या स्टँडवर घेतला आणि स्टँड फरशीत बोल्टने आवळला. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता कपलिंग. दोन शाफ्ट एका रेषेत आणून जोडायचे, पण अगदी घट्ट एकजीव करायचे नाहीत, कारण दोन वेगवेगळ्या वस्तू कायम तंतोतंत एका रेषेत राहतील ही अपेक्षाच चुकीची. म्हणून प्रत्येक शाफ्टवर तीन दातांचा एक लोखंडी तुकडा, आणि दोघांच्या दातांमध्ये सहा पायांचं रबरी फूल. त्याला स्पायडर म्हणतात. शिकागोच्या लव्हजॉय कंपनीत लुई राइसफील्ड यांनी १९२७ साली ही रचना काढली. नागदेवी स्ट्रीटवर आजही कोणत्याही कंपनीची मागितलीत तरी दुकानदार तिला लव्हजॉयच म्हणतो, जसं आपण कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणतो.

या कपलिंगची एक खोड आहे. रबर पूर्ण गेलं तरी ती थांबत नाही. लोखंडाचे दात लोखंडाला भिडतात आणि काम चालूच राहतं, फक्त आवाज करत. पंपाला हा गुण चांगला. रंध्याला मी तो गुण म्हणणार नाही. फिरत्या पात्यांसमोर हाताने फळी ढकलायची, आणि मधेच पात्यांना हिसका बसला तर फळी उलटी अंगावर येते. हात कुठे जाईल ते सांगता येत नाही.

तर झालं असं. मामा एरवी एक वर्षाआड स्पायडर बदलायचा. मे महिन्यात आवाज यायला लागला म्हणून नवीन टाकला. बारा दिवसांत गेला. दुसरा आणला, तो नऊ दिवसांत. बोलावलेल्या मेकॅनिकने मशीन चालू करून ऐकलं, मान हलवली आणि निदान केलं: शाफ्ट गेलाय, बेअरिंगही गेलंय, यात पैसे घालू नका, भंगारात काढा. मामेभावाला ते पटलंच होतं. मशीन जाणार म्हणजे मामा गाळ्यात येणं बंद, आणि मामा गाळ्यात येणं बंद म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना कळत होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं.

मी रविवारी दादरहून गेलो तेव्हा मामा खुर्चीत बसून, जुना स्पायडर हातात घेऊन तो निरखत होता. मला म्हणाला, "आधी तेका काय होता ता बघ, मगे बदल." मामा मालवणीवर आला की समजायचं, गाडी रुळावर आहे.

पहिली गोष्ट त्याने दाखवली ती पायांची. मोटर एकाच दिशेने फिरते, त्यामुळे सहा पायांपैकी एकाआड एक अशा तीनच पायांवर जोर येतो. उरलेले तीन जवळजवळ कोरे राहतात. (एक युक्ती सांगून ठेवतो: तीन पाय झिजले की स्पायडर काढून एक घर पुढे सरकवून बसवायचा, कोरे पाय कामाला लागतात आणि त्याच पैशात दुप्पट दिवस निघतात.) पण हातातल्या स्पायडरचे सहाच्या सहा पाय कडेने कुरतडलेले होते, आणि कपलिंगखाली काळ्या भुग्याची रांगोळी. जोर जास्त झाला असता तर तीनच पाय चेपले असते. सहाही कुरतडलेत म्हणजे दोन्ही शाफ्ट प्रत्येक फेऱ्याला एकमेकांशी घासाघीस करतायत.

मग प्लग काढून खिशात. मामाचा नियम आहे: स्विच बंद करणं पुरेसं नाही, प्लग ज्याचा हात मशीनमध्ये आहे त्याच्याच खिशात हवा. कपलिंगचा एक भाग धरून दुसरा हाताने हलवला. खेळ होता, पण तो रबरात होता. शाफ्टच्या खाचेतली चावी घट्ट होती, ग्रब स्क्रूही. खात्रीसाठी शाफ्ट आणि कपलिंगवरून सलग एक खडूची रेघ मारली, दोन मिनिटं मशीन चालवलं. रेघ तुटली नाही, म्हणजे कपलिंग शाफ्टवर सरकत नव्हती. बंद केल्यावर मात्र ऐकण्यासारखं होतं. पूर्ण वेगात असताना नुसती घरघर. वेग उतरायला लागला तशी ती घरघर सुटी होत होत टक... टक... टक... अशी मोजता येण्यासारखी झाली. शेवटी स्पायडर काढून रंधा एकटाच हाताने फिरवला, स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या घरावर आणि मूठ कानाला. गुळगुळीत. डोक्याकडच्या शाफ्टचंही तसंच. दोन्ही बेअरिंगं ठणठणीत.

मग राहिली रेषा. लोखंडी पट्टी कपलिंगच्या दोन्ही भागांवर आडवी ठेवली. बाजूने नीट बसली. वरून ठेवली तर रंध्याच्या बाजूला खालून उजेड दिसला. फिलर गेजची पानं एकत्र करून घातली: १.२ मिमी. या मापाच्या कपलिंगला जेमतेम ०.३८ मिमी चालतं. शिवाय दोन भागांमधली फट वर जास्त आणि खाली कमी. म्हणजे रंधा नुसता खाली गेला नव्हता, लांबच्या टोकाला जास्त झुकला होता. मशीनमध्ये कुठेही काही मोडलेलं नव्हतं.

मामाने पाणसळ मागवली. आधी स्टँडवर ठेवली, मग जमिनीवर. बुडबुडा दोन्हीकडे सारखाच पळाला. शहाबादी फरशी मागच्या भिंतीकडे कलली होती. मागच्या भिंतीपलीकडे वर्षभर टॉवरच्या पायाचं खोदकाम चालू आहे. मामा म्हणाला, गिरणीतही माथ्यावरचा लांब शाफ्ट असाच बोलायचा. बेअरिंग गरम व्हायला लागलं की जुने फिटर तेल घालायच्या आधी भिंतीकडे बघायचे.

आम्हीही बघितलं. मागच्या दाराच्या चौकटीवर कोपऱ्यातून तिरकी चीर गेली होती. रंगाच्या पापुद्र्यामुळे कोणाच्या लक्षात आली नव्हती.

दुरुस्ती तशी तासाभराची होती. स्टँडचे बोल्ट सैल करून पायांखाली पितळी पत्र्याचे तुकडे सरकवले, पट्टी चारी बाजूंनी नीट बसेपर्यंत. तिसरा स्पायडर टाकला. रंधा असा चालला की मामेभाऊ गप्पच झाला. मेकॅनिकला मी फार दोष देत नाही. त्याला मशीनसाठी बोलावलं होतं, त्याने मशीन बघितलं.

पण मामा खूश नव्हता. त्याने त्याच संध्याकाळी चिरेवर आडवी काचेची पट्टी दोन्ही टोकांना प्लास्टरने चिकटवली आणि शेजारी पेन्सिलने तारीख लिहिली. भिंत हलली तर काच तडकते. आणि दर रविवारी कपलिंगवर पट्टी ठेवून फिलर गेजने मोजायचं ठरलं. पहिल्या रविवारी काही नाही. दुसऱ्या रविवारी ०.१० चं पान गेलं. तिसऱ्या रविवारी ०.२० चं, आणि काचेला केसासारखी तडक.

ते आकडे घेऊन मामा चाळ कमिटीच्या बैठकीत गेला. चाळीस बिऱ्हाडांसमोर सत्तरीच्या माणसाने खिशातून कुरतडलेलं रबर काढून दाखवलं म्हटल्यावर काहीजण हसले. मग त्यातल्या दोघांनी आपापल्या घरच्या चिरा सांगितल्या, एका काकूंनी दार अडकतं म्हणून सांगितलं, आणि हसणं थांबलं. म्हाडाला आणि महापालिकेला पत्रं गेली आहेत. कमिटीने स्वतःच्या खर्चाने स्ट्रक्चरल इंजिनीअर बोलावला आहे, तो गुरुवारी येणार.

तोवर मामाने रंध्याचा प्लग काढून स्वतःच्या खिशात ठेवला आहे. लेथला कपलिंग लागत नाही, त्यामुळे मामेभाऊ गणपतीच्या ऑर्डरीतले चौरंगाचे पाय कातून घेतोय. फळ्या रंधून आणायला तो टेम्पोने रे रोडला जातो.