खाली कोण झोपणार?

अमेरिकेत घरासाठी ऑफर मान्य झाली म्हणजे घर तुमचं झालं, असं नसतं. त्यानंतर काही दिवसांची मुदत मिळते. तेवढ्यात आपण आपल्या पैशाने एक माणूस बोलवायचा आणि त्याने घराची सगळी दुखणीखुपणी शोधून लिहून द्यायची. हा होम इन्स्पेक्टर. या सगळ्या व्यवहारात घर विकलं गेलं काय, न गेलं काय, ज्याला फरक पडत नाही असा हा एकटाच.

निदान तसं असायला हवं. आमच्या एजंटबाई आधी म्हणाल्या, इन्स्पेक्शनची अटच काढा, बाजार तापलाय. मग म्हणाल्या, माझ्या ओळखीचा एक माणूस आहे. पण व्यवहार झाला तरच त्यांना कमिशन, आणि त्यांच्याकडून कामं मिळाली तरच त्या ओळखीच्या माणसाची चूल पेटणार. आम्ही आमचा माणूस शोधला.

साठीचा गृहस्थ, गुडघ्यांना पॅड बांधलेले. शिडी लावून छपरावर गेला, इलेक्ट्रिक पॅनेल उघडलं, फर्नेसवरचं वर्ष वाचलं, भिंतींना ओल मोजायचं यंत्र टेकवलं. साडेतीन तास. शेवटी बेसमेंटमध्ये गेला, एका स्टुलावर डब्याएवढं यंत्र ठेवलं आणि म्हणाला, ४८ तास याला कुणी हात लावू नका. दारं-खिडक्या बंद ठेवायला घरमालकांना त्याने आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ही रेडॉनची टेस्ट.

आम्ही पेनसिल्व्हेनियात घर घेत होतो आणि इथे ही टेस्ट टाळू नये, याला इतिहास आहे. लिमरिकला अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं. १९८४च्या डिसेंबरात तिथले एक इंजिनिअर, स्टॅनली वॉट्रस, किरणोत्सर्ग शोधणाऱ्या यंत्रासमोरून गेले की अलार्म वाजायला लागला. गंमत म्हणजे केंद्र अजून सुरूच झालं नव्हतं. वॉट्रस किरणोत्सर्ग कामावरून घरी नेत नव्हते, घरून कामावर आणत होते. त्यांच्या घरातल्या हवेत दर लिटरला सुमारे २,७०० पिकोक्युरी रेडॉन निघाला. आज इथलं सरकार ४च्या वर गेलात तर उपाय करा म्हणतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आणखी खाली, २.७च्या आसपास.

खडकातलं आणि मातीतलं युरेनियम विरत जातं, त्यातून रेडियम, रेडियममधून रेडॉन. बाकीचे सगळे घन, हा एकटा वायू, म्हणून जमिनीतून सुटून वर येतो. ना रंग, ना वास. थंडीत घरातली गरम हवा वर चढते, वरच्या फटींतून निसटते आणि तिची जागा भरायला घर पायाच्या भेगांतून मातीतली हवा आत ओढतं. शेजारच्याचं घर ठीक आहे म्हणून तुमचं ठीक, असंही नाही.

आमचा आकडा आला ९.६.

घरमालक म्हणाले, आम्ही अकरा वर्षं राहतोय, कुणाला काही झालं नाही. त्यांच्या दृष्टीने खरंच होतं ते. रेडॉनने फुप्फुसाचा कॅन्सर होतो, पण त्याला दशकं लागतात. अकरा वर्षांत कुणाला काय कळणार?

माझा जीव अडकला होता तो बेसमेंटमधल्या खोलीत. गालिचा, खिडकी, स्वतंत्र बाथरूम. ती आई-बाबांची, असं घर पाहिलं त्याच दिवशी ठरलं होतं. दर वर्षी सहा महिने ते साताऱ्याहून येतात. वर तीनच खोल्या: आमची, लेकीची आणि नवऱ्याचं ऑफिस. ऑफिस खाली न्यावं, तर तो दिवसाचे नऊ तास तिथे बसणार. कुणीतरी खाली असणारच होतं.

फोनवर बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि हिशेब मांडला. "आम्हाला राहिली किती वर्षं? आम्ही झोपतो खाली. पोरीला तेवढं तिथे खेळायला सोडू नका."

मागून आई म्हणाली, "अगं, वास येतो का त्याचा?" नाही म्हटल्यावर गप्प झाली.

बाबांच्या हिशेबात एक आकडा राहिला होता. त्यांनी तीस वर्षं सिगारेट ओढली आहे. अमेरिकी सरकारचाच अंदाज आहे: ४च्या पातळीत आयुष्य काढलं, तर कधीच न ओढणाऱ्या हजारांत सुमारे ७ जणांना फुप्फुसाचा कॅन्सर होईल, ओढणाऱ्या हजारांत ६२. बाबांनी सोडून बारा वर्षं झाली, म्हणजे ते या दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी. मी त्यांना हे सांगितलं. "बरं बरं," म्हणाले आणि आंब्यांचा विषय काढला.

उपाय मात्र अगदी साधा, प्लंबिंगच्या दुकानातला वाटावा असा. बेसमेंटच्या काँक्रीटला भोक पाडून पीव्हीसी पाइप घालायचा, तो छपराच्या वर न्यायचा आणि मधे पंखा बसवायचा. घराने मातीतली हवा ओढण्याआधी पंखाच ती ओढून बाहेर टाकतो. दीड हजार डॉलरच्या आसपास खर्च. घरमालकांनी कुरकुरत किमतीतून तेवढे कमी केले. नसते केले तर घर सोडायची तयारी होती. नवऱ्याची थोडी कमी, माझी पूर्ण.

पंखा बसल्यावर पुन्हा टेस्ट केली: १.१. शून्य नाही, बाहेरच्या मोकळ्या हवेतही थोडा असतोच. दर दोन वर्षांनी मोजत राहायचं, पंखे बंद पडतात.

आई-बाबा मेमध्ये आले, खालीच झोपतात. पाइपवर इंग्रजी यू आकाराची एक नळी आहे, तिच्यात रंगीत पाणी. दोन्ही बाजूंना पातळी सारखी झाली की समजायचं, पंखा थांबला. बाबा रोज सकाळी चष्मा लावून ती बघतात आणि चहाला वर आले की सांगतात, "चालू आहे."