रत्नागिरीचा पत्ता

शिवाजी पेठ, कोल्हापूर

चि. अनघास,

तू रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात रुजू होणार हे कळलं आणि आपल्या कट्ट्यावर खसखस पिकली. ‘डॉक्टर म्हणून का पेशंट म्हणून?’ तू हसून सोडून दिलंस. मी ओशाळलो, कारण हा विनोद मीही जन्मभर करत आलोय.

पण पोरी, याच कोल्हापूरचे छत्रपती एकदा वेडे ठरवले गेले होते. चौथे शिवाजी महाराज १८७१ साली दत्तक आले, तेव्हा जेमतेम आठ वर्षांचे. विशीच्या आतच इंग्रजांनी त्यांना वेडसर ठरवून अहमदनगरच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. त्यांच्या छळावरून ‘केसरी’ आणि ‘मराठा’ कारभारी बर्व्यांवर तुटून पडले. त्यांत बर्व्यांविरुद्ध छापलेली पत्रं कोर्टात बनावट ठरली आणि १८८२ मध्ये टिळक-आगरकरांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. २५ डिसेंबर १८८३ ला, ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराज गेले. वय अवघं वीस. पुढच्या मार्चमध्ये शाहू महाराज दत्तक आले. आपण इतिहास सांगतो तो तिथपासून.

महाराज खरंच आजारी होते का, यावर अजून वाद झडतात. मला टोचतं ते निराळंच. आजारी होते असं धरलं, तरी त्या पोराच्या उशाशी मायेचं माणूस हवं होतं, मिळाला पहारा.

तुझं इस्पितळ १८८६ चं. म्यानमारच्या थिबा राजाला कैदी म्हणून रत्नागिरीत आणलं तेही त्याच साली. वेडा आणि कैदी यांत त्या काळी फार अंतर नव्हतंच. १८५८ च्या कायद्याला चिंता होती ती वेड्याला ठेवायचं कुठं याची. आपल्यावर उपचार कसे व्हावेत हे आधीच लिहून ठेवायचा हक्क माणसाला मिळाला तो २०१७ च्या कायद्यानं. तिथं जुनं दफ्तर दिसलं तर जपून ठेव. भिंती काय, सरकार रंगवील. त्या दफ्तरातल्या नावांना मात्र वारस नाही.

काल कट्ट्यावर महाराजांची ही गोष्ट सांगितली. सगळे गप्प. उठताना एकजण मागं रेंगाळला आणि हळूच म्हणाला, ‘अनघाचा नंबर देतोस काय? पोरगं दोन महिनं झोपलं न्हाई.’

दिलाय. फोन येईल, उचल.

तुझा,
काका